घळीच्या वाटेनं

गोरखच्या डाव्या पायात सरकारनं यंत्र घातलं त्या दिवशी मी एकच गोष्ट विचारली. म्हटलं, "म्याडम, हे पान्यात भिजलं तर?"

म्याडम म्हणाली, "भिजू द्या आजी. आंघोळ करू द्या, चिखलात जाऊ द्या, त्याला काही होत नाही. फक्त तोडायचं नाही, नि दिवसातून दोनदा चार्ज करायचं."

मी मनात म्हटलं, म्हणजे हे मेलं मरतच नाही.

स्वरदा म्याडम तिचं नाव. अमरावतीकडची पोरगी, तिशीची असेल. कोर्टानं सोडलेल्या माणसांवर नजर ठेवायची तिची नोकरी. स्कूटरवरनं पिरंगुटचा घाट चढून आमच्या वाडीला यायची, आली की आधी पाणी मागायची आणि मग वही काढायची.

माझा गोरख एकोणचाळीसचा. उरवड्याला एका कारखान्यात माल उचलायच्या गाडीवर होता. दोन वर्षांमागं बांधावरनं भांडण झालं आणि यानं बहिरूच्या हातावर फावड्याचा दांडा घातला. बहिरू कुणी परका नाही. माझे चुलत दीर कुशाबा, त्यांचा मुलगा. दोघं एका अंगणात वाढलेले. बहिरूचं उजवं कोपर चुरलं. आत पट्टी घातली, स्क्रू घातले, तरी तो हात खांद्याच्या वर जात नाही आणि मुठीत जोर येत नाही. मी माझ्या पोराची बाजू घेत नाही. मारलं ते मारलंच.

अकरा महिने तो आत होता. मग निकाल लागला तेव्हा कोर्ट म्हणालं, पहिलाच गुन्हा आहे, याला आत कुजवून कुणाचं भलं नाही. दोन वर्षं घरी राहू दे, पण देखरेखीत. नवीन पद्धत आहे म्हणे, करून बघतायत. नकाशावर आमच्या वाडीभोवती रेघ मारली, त्या रेघेच्या आत गोरखनं राहायचं. रेघेच्या आत आणखी एक लाल गोल, त्यात बहिरूचं घर आणि त्याची खाचरं. त्या गोलात पाय टाकायचा नाही. फोन आला की पाच मिनिटांत उचलायचा. आणि संध्याकाळी सहाला जो फोन येईल तो गोरखनं नाही, मी उचलायचा.

मी का, तर घरातलं मोठं माणूस मी. म्याडमनं समजावलं, "पाय कुठं आहे ते यंत्र सांगतं. माणूस कसा आहे ते घरचं माणूसच सांगणार ना जी? ते प्यायले तर सांगायचं, भांडले तर सांगायचं, कुठं गेले तर सांगायचं. तुमच्या शब्दावर कोर्टानं त्यांना घरी पाठवलंय."

माझा शब्द! आमचे हे गेल्यापासून वीस वर्षं या वाडीत माझ्या शब्दावर सोयरिकी जुळल्यात नि मोडल्यात. मी म्हटलं, "लिलाबाईचा शब्द हाय म्याडम, लिवून घ्या." तिनं खरंच लिहून घेतला आणि खाली माझी सही घेतली.

छोटी चूक झाली तर समज. मोठी झाली तर कोर्ट, आणि कोर्टाच्या मनात आलं तर तिथनं तसाच आत.

आता आत म्हणजे काय ते सांगते. गोरख सुटून आला तेव्हा दार लावून बसत नव्हता. एकदा तो गोठ्यात असताना प्रियंकानं, माझ्या सुनेनं, सवयीनं बाहेरून कडी घातली. आतून त्यानं अशी धडक मारली की म्हशीनं दावं तोडलं. दार उघडलं तर हा घामानं निथळतोय, डोळे फिरलेले. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसला आणि अगदी हळू म्हणाला, "आई, परत आत गेलो तर मी जिता भायेर येनार न्हाई. सांगून ठिवतो तुला."

तो उगीच बोलणारा नाही. लहानपणापासून कमी बोलणारा. त्या दिवसापासून मी रात्री उठून त्याचा श्वास ऐकायची.

बाहेर मी कुणाला कळू दिलं नाही. नळावर बायका टपून असायच्या. एकीनं विचारलं, "काय वो लिलाबाय, सरकारनं पोराला तोडा केला म्हनं पायात?"

मी म्हटलं, "व्हय, केला की. सोन्याचा देत व्हते, मीच नगं म्हनलं. तुज्या दादल्याला पायजे का? त्येच्या मापाचा बी हाय म्हनत्यात."

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन माठातलं पाणी घेतलं तर तांब्या दातांवर वाजत होता.

रोज दोनदा गोरख भिंतीशी बसायचा, पायातनं वायर निघून भिंतीत गेलेली. दाव्याला बांधलेलं जनावर तरी उठतं-बसतं. आमच्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि चार्ज उतरला की ते यंत्र थरथरतं. थरथरायचं त्याच्या पायावर आणि ऐकू यायचं मला, मी परसात असले तरी. मी पिरंगुटहून चार्जिंगचा डबा मागवला, तरी वीज गेली की हातातलं काम टाकून आधी त्याच्या पायाकडं धावायची. बिबट्या गोठ्याशी आला तेव्हा मी कंदील घेऊन एकटी बाहेर गेले होते. आणि आता एवढीशी काळी डबी मला घरभर पळवत होती.

असे सात महिने गेले. एकही चूक नाही. मग आवणी आली.

आमच्या वाडीत भात लावायला मजूर सांगत नाहीत. सात घरांची सावड आहे. दिवस ठरतात, ज्याचा दिवस त्याच्या रानात सातही घरांनी जायचं. प्रत्येक घरचा एक गडी नि एक बाई. गडी चिखल करतात, बाया रोप लावतात. घराघरात बोलणं बंद असलं, कोर्टकज्जे असले, तरी सावडीच्या दिवशी जायचं.

गेल्या साली गोरख आत होता. माझ्या खाचरांचा दिवस आला तेव्हा मी धरूनच चालले की कुशाभावजींचं घर येणार नाही. त्यांनी यावंच कशाला? सकाळी बघते तर सत्तरीचे कुशाभावजी डोक्यावरून घोंगडी घेऊन माझ्या बांधावर उभे. पोराचा हात गळ्यात बांधलेला म्हणून बाप आला होता. दिवसभर चिखलात फळी ओढली. दुपारी मी भाकरी वाढली ती खाली मान घालून खाल्ली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला घास गिळता आला असता.

या साली त्यांचा दिवस दोन दिवसांवर आला तेव्हा तेच आमच्या ओट्याशी आले. वर चढले नाहीत.

"वैनी, परवा आमचा दिस हाय. तू नि सूनबाय या. गोरखचं मनाला लावून घ्यू नगं. त्येच्या पायात सरकार बसलंय, ठावं हाय मला."

मी म्हटलं, "मग नांगर कोन धरनार?"

"धरीन मी."

"तुमी? मागल्या म्हैन्यात सपाट अंगनात पडला व्हता."

"पडीन. उटीन. तुला काय करायचंय?" असं म्हणून ते हसले. काठी टेकत गेले.

त्यांची वरची तीन खाचरं डोंगराच्या अंगाला, टिलर चढत नाही. बैलच लागतात. बहिरूच्या हातानं नांगर दाबला जात नाही, आणि बाकीच्या पाच घरांचे गडी खालच्या मोठ्या खाचरांत गुंतणार. म्हणजे तो म्हातारा एकटा वर. आणि सात घरांत माझं एकटीचं घर बिनगड्याचं, तेही कुणाच्या दारात, तर ज्याच्या पोराचा हात माझ्या पोरानं मोडला त्याच्या. ते हसून गेले नसते तर कदाचित मी गप बसले असते.

प्रियंका म्हणाली, "आत्याबाय, म्याडमला फोन करून इचारू या का? एका दिसाची परवानगी देत असतील."

मी तिला उडवून लावलं. "गप ऱ्हा. कालची पोरगी ती, तिला सावड काय ठावं? मी काय तिच्यापुडं पदर पसरू? नि न्हाई म्हनाली म्हंजे? मग जाता बी येनार न्हाई."

माझं डोकं दुसरीकडंच चाललं होतं. आमच्या घरामागून ओढ्याची घळ उतरते. ती वळसा घेते आणि कारवीच्या झाडीतून बरोबर कुशाभावजींच्या वरच्या खाचरांखाली निघते. त्या घळीत आणि त्या तीन खाचरांत मोबाइल चालत नाही, हे वाडीतल्या शेळ्यांनाही माहीत आहे. तिथं असताना फोन लावायचा तर आम्ही देवळामागच्या कातळावर चढतो. मी म्हटलं, यंत्र बोलतं ते रेंजवरच बोलत असणार. जिथं रेंज नाही तिथं ते आंधळं. घळीतून गेला, घळीतून आला, तर कुणाला काय दिसतंय?

गोरखला सांगितलं तर तो म्हणाला, "नगं आई."

"का नगं?"

"मला भ्या वाटतंय."

त्याचं तोंड बघून मलाही वाटत होतं. पण माझ्या तोंडातून काय निघालं? "मग बस वायर लावून. सत्तर वर्साचं म्हातारं नांगराला लोंबकळंल नि तू भिंतीला टेकून बस. बांगड्या भरू का तुज्या हातात?"

तो उठला. माझ्या बोलण्यानं उठला, हे मी इथं लिहून ठेवते.

परवाच्या दिवशी मी आणि प्रियंका वरच्या वाटेनं गेलो, डोक्यावर रोपाच्या मुठी. पाऊस बारीक होता. कुशाभावजी बैल जुंपत होते. बहिरू बांधावर उभा राहून डाव्या हातानं मुठी फेकत होता. मी वाकून लावायला लागले, पण डोळा सगळा खाली कारवीकडं.

कारवी हलली. गोरख वाकून वर आला, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर इरलं नाही की काही नाही.

बहिरूनं त्याला बघितलं तेव्हा त्यांच्यात दहा पावलं असतील. त्याच्या हातातली मूठ पडली. मागं सरला, टाच बांधाला अडकली आणि तो चिखलात बसला. बसल्या बसल्या त्यानं डावा हात डोक्यावर घेतला आणि उजवा, तो मोडका, पोटाशी दाबून धरला. फक्त ओठ हलत होते.

त्या पोराला मी अंगावर खेळवलंय. पण असं तोंड मी त्याचं कधी बघितलं नव्हतं. सात महिने मला वाटत होतं, या वाडीत भ्यालेली मी एकटीच आहे.

त्याची बायको रोहिणी धावत आली. "कोनी बोलवलं ह्येला? थोरल्या आत्याबाय, तुमी आनलाय का? चोरावानी खालनं आला त्यो, माज्या मालकाचा जीव गेला असता की!"

मी म्हटलं, "सावडीला आलाय त्यो. खायाला न्हाई आला कुनाला." म्हटलं खरं, पण माझा आवाज मलाच परका वाटला.

गोरख जागच्या जागी उभा. पुढं येईना, मागं जाईना. दोन्ही हात उघडे करून पुढं धरलेले, काही नाही माझ्या हातात, असं दाखवावं तसे.

कुशाभावजींनी दोघांकडं बघितलं. मग मला न विचारता, पोराला न विचारता म्हणाले, "आलाच हायेस तर नांगर धर. बहिरू, तू घरला जा बाळा. रोहिणी, ने त्येला."

दुपारपर्यंत गोरखनं तीन खाचरं केली. एरवी सावडीला केवढी मस्करी चालते, त्या दिवशी बैलांना हाकारायलाही कुणी तोंड उघडलं नाही. मी त्याच्या डाव्या पायाकडं बघायची. चिखलात यंत्र दिसत नव्हतं आणि मला तेवढंच बरं वाटायचं. जेवायला तो थांबला नाही. आला तसा घळीतून गेला.

सहाला फोन वाजला.

"आजी, कसे आहेत गोरख?"

"बरा हाय."

"आज कुठं गेले होते का?"

"कुटं जातुया त्यो? घरीच व्हता दिसभर. म्हशीचं बगितलं, चार्जिंग केलं."

चुलीपाशी प्रियंकाचा हात थांबला. मी फोन ठेवला. गोरखच्या पायातला दिवा हिरवा लुकलुकत होता, रोजच्यासारखा. मी म्हटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्कूटरचा आवाज आला. फोन न करता म्याडम कधी येत नव्हती. ओट्यावर बसली, पाणी मागितलं नाही. पिशवीतून पाटीएवढा फोन काढला आणि आमच्यापुढं धरला. त्यावर आमच्या वाडीचा नकाशा. आमच्या घरातून एक निळी रेघ निघाली होती, घळीतून वळत वळत गेली होती आणि लाल गोलात शिरून त्या तीन खाचरांत इकडून तिकडं, तिकडून इकडं, नांगराच्या तासासारखी फिरली होती. गोरख कुठं वळला, कुठं बैल थांबवले, सगळं.

मी नकाशावरनं नजर काढून गोरखकडं बघितलं.

"आजी, खाली घळीत त्याला रेंज नसते हे बरोबर आहे," म्याडम म्हणाली. "पण ते सगळं लिहून ठेवतं. रेंज आली की पाठवून देतं. काल दुपारी हे घरी आले नि दहा मिनिटांत माझ्याकडं सगळं आलं होतं. तरी मी सहापर्यंत थांबले. म्हटलं, आजी सांगतील."

मग तिनं बोट लावलं आणि त्यातून माझा आवाज आला. "कुटं जातुया त्यो? घरीच व्हता दिसभर."

सुनेपुढं, पोरापुढं. माझ्याच ओट्यावर. एखाद्या लबाड बाईचा असावा तसा तो आवाज होता.

मी म्हटलं, "मी पाटवलं त्येला. त्यो नगं म्हनत व्हता. मी बोलले, घालूनपाडून बोलले, म्हनून गेला." आणि सावडीचं सगळं सांगितलं, गेल्या सालचं, कुशाभावजींचं, नांगराचं.

तिनं वहीत सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाली, "मला एक फोन केला असता ना जी. एका दिवसाची परवानगी माझ्या हातात आहे. मी बहिरूंना विचारलं असतं, ते हो म्हणाले असते तर रेघ मीच सरकवली असती."

प्रियंकानं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"आता काय?" गोरखनं विचारलं.

"आता तुम्ही त्यांना धमकावायला गेलात की कामाला, ते मला बहिरूंकडून ऐकावं लागेल. त्यावर सगळं आहे." ती उठली. मीही उठले, पदर खोचला. "बसा आजी. तुम्ही तिकडं एक पाऊल टाकलंत तर तो दबाव धरतात. मग मी काहीच करू शकणार नाही."

कुशाभावजींचं घर आमच्या ओट्यावरून दिसतं. मधे दोन अंगणं आणि एक फणस. दारात तिची स्कूटर उभी राहिली आणि ती आत गेली. मला काल चिखलात बसलेला बहिरू दिसत होता, डोक्यावर हात घेतलेला. त्यानं नुसतं खरं सांगितलं, 'मला वाटलं हा परत मारतोय,' एवढंच सांगितलं, तरी माझा पोरगा गेला. आणि ते खोटं नव्हतं. मी त्याला कोणत्या तोंडानं म्हणणार होते की असं सांगू नको?

जन्मभर लोक माझ्या दारात निवाड्याला आले. तो एक तास माझा निवाडा दुसऱ्याच्या घरात चालला होता आणि मला तिथं जायची बंदी.

आत खडबड झाली म्हणून बघितलं. गोरख पिशवी भरत होता. दोन सदरे, टॉवेल, दातांचा ब्रश.

"काय करतुयास?"

"मागल्या टायमाला काय न्हेता आलं न्हवतं," तो म्हणाला. "आई, चप्पल घालू का बूट? बूट काढून घेत्यात वाटतं." हे त्यानं अगदी सरळ विचारलं. मी काही बोलायला गेले तर प्रियंका म्हणाली, "आत्याबाय, आता तरी गप बसा." लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदा म्हणाली. मी गप बसले.

तासाभरानं म्याडम परत आली. ओट्याच्या पायरीशी उभी राहून वहीतलं वाचून दाखवलं, जसं बहिरूनं सांगितलं तसं. "मला लई भ्या वाटलं. अजून बी वाटतंय, माजा हात अजून कापतुया. पर त्यानं माज्याकडं बगितलं न्हाई, काय बोलला न्हाई. तीन खाचरं केली नि गेला. दोन्ही लिवा. एकच लिवू नका."

"मग?" मी विचारलं.

"मग दोन्ही कोर्टापुढं ठेवते. सोमवारी."

त्या चार दिवसांत मी काय खाल्लं, काय रांधलं, मला आठवत नाही. गोरखनं पिशवी रिकामी केली नाही. दाराशी ठेवली होती, येता-जाता पायात यायची.

सोमवारी कोर्टात माणसं अशी की उभं राहायला जागा नाही. आमचं नाव पुकारलं तेव्हा गोरखच्या मागं एक पोलीस येऊन उभा राहिला. उगीच उभा राहिला असेल, पण मला त्याच्या कमरेची बेडीच दिसत होती. जज्जबाईंनी कागद वाचले आणि मला पुढं बोलावलं.

"तुम्ही खोटं का सांगितलं?"

मी काय काय जुळवून ठेवलं होतं. रात्रंदिवस पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवला नाही.

"भ्याले," मी म्हटलं.

"कशाला?"

"परत आत गेला तर जिता येनार न्हाई म्हनून."

"एवढी भीती होती तर पाठवलं का?"

सगळ्यांसमोर विचारलं. मागं कुशाभावजी होते, रोहिणी होती.

"लाजंनं," मी म्हटलं. "म्हाताऱ्यानं येऊन सांगितलं, तुजा गडी न्हाई आला तरी चालंल. त्ये मला सोसलं न्हाई."

जज्जबाईंनी लिहिलं. मग बहिरूला विचारलं. तो डाव्या हातानं कठड्याला धरून उभा राहिला. गोरखकडं न बघता बोलला. "आमची खालची दोन खाचरं ऱ्हायलीत. यायाचं तर येऊ द्या त्येला. पर घळीतनं न्हाई. वरच्या वाटंनं यायाचं, मला लांबनं दिसंल असं. नि आदल्या दिशी मला सांगायचं. मला इचारून यायाचं."

निकाल उभ्या उभ्याच सांगितला. गोरखला आत पाठवत नाही. देखरेख सहा महिन्यांनी वाढवली. यापुढं रेघ ओलांडली तर दुसरी सुनावणी नाही, सरळ आत. बहिरूच्या अटीवर एका दिवसाची परवानगी, सात ते दोन. मी हात जोडतेय तोवर पुढचं वाक्य आलं. "या बाईंच्या शब्दावर कोर्ट यापुढे विसंबणार नाही. घरातल्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव द्या."

प्रियंकानं सही केली. मी बाकावर बसून बघत होते. कुणी मला काही विचारलं नाही.

गुरुवारी खालच्या खाचरांचा दिवस. म्याडमनं आदल्या दिवशी बहिरूला फोन करून विचारलं होतं, प्रियंकानंही जाऊन सांगितलं होतं. तरी सकाळपासून माझं लक्ष देवळाकडं. मी रोप लावत होते पण ओळ वाकडी चालली होती. म्याडमनं रेघ सरकवली असेल ना? ते यंत्र ऐकेल ना? बहिरूनं ऐन वेळी 'नको' म्हटलं तर? त्याला तसं म्हणायचा हक्क आहे, आणि त्यानं म्हटलं की गोरखनं आहे तिथून वळायचं, असं ठरलेलं.

वरची वाट देवळापासून खाचरांपर्यंत सगळी उघडी. गोरख देवळापाशी दिसला. मधोमध चालत येत होता, हळूहळू, हात अंगापासून लांब धरून. सातही घरांची माणसं कामात होती, पण एकाचंही डोकं खाली नव्हतं. बहिरू बांधावर बैलांपाशी उभा. त्याचा उजवा हात पोटाशी गेला.

गोरख वीस पावलांवर आला आणि थांबला.

बहिरू दोन पावलं मागं सरला. माझ्या तोंडाशी आलं, 'बहिरू, थांब रं बाबा,' आणि मी ते गिळलं. हे बोलणं माझं राहिलं नव्हतं.

पाऊस अंगावर पडत होता. रोहिणी म्हणाली, "नगं वाटत असंल तर सांगा." बहिरूनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग त्यानं डाव्या हातानं बैलांचा कासरा सोडला, त्याचं एक टोक धरलं आणि हात पुरेल तेवढा लांब करून दुसरं गोरखपुढं सोडलं. स्वतः जागचा हलला नाही.

गोरख पुढं आला. त्यानं दुसरं टोक धरलं, बहिरूच्या हातापासून जितकं लांब धरता येईल तितकं.

दोघांच्या मधे तो कासरा थरथरत होता. कुणाच्या हातानं, ते मला सांगता येणार नाही.